मीनिंग आबांची भावकी

सुभेदार शंकर निकम रस्त्यात भेटले की नमस्कार करत नसत. समोर सावधान उभे राहत आणि खिशातल्या चिठ्ठीवर बघून एक इंग्रजी शब्द पुढे करत.

"सर, मॅगझीन. कुठल्या गावचं?"

पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "कुठलं मासिक हवंय तुम्हाला?"

"मासिक न्हवं. म्हंजे मासिकालाबी मॅगझीनच म्हनत्यात. रायफलीत गोळ्या भरायच्या डबीलाबी म्हनत्यात, अन् आमच्या पलटणीत दारूगोळ्याच्या कोठारालाबी. एक मानूस तीन जागी हजेरी लावतोय. मला त्याचा कागद बघायचाय."

मी घरी जाऊन जाडा कोश काढला. मॅगझीन मूळचा अरबी निघाला. अर्थ कोठार. ज्या घरातून आपला 'खजिना' आला, त्याच घरातला. संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा सुभेदारांनी ते चिठ्ठीच्या मागे उतरवून घेतलं.

"खजिन्याचा चुलतभाऊ," ते म्हणाले. "अन् आमी त्याला इंग्रज समजून इतकी वर्सं वागवला."

आमची ओळख झाली ती अशी. मी मूळचा वाईचा. कडेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलो, कारण पुस्तकं हलवायचा कंटाळा आला. एकटा माणूस. सुभेदारांचं घर माझ्यापासून तिसरं. मधल्या दोन घरांच्या अंगणात ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर लागत, एरवी मोकळं असे. सुभेदार म्हणजे उंच, वाळका माणूस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पायजम्याला सुद्धा इस्त्रीची घडी. शाळेला जाणारी पोरं त्यांना 'मीनिंग आबा' म्हणत. दप्तर दिसलं की सुभेदार शब्द विचारायचे, म्हणून पोरं त्यांच्या दारावरून जाताना दप्तर पोटाशी धरून पळत.

त्यांच्याकडे फुलस्केप वह्या होत्या. प्रत्येक शब्दाला एक पान, आणि पानावर भरती कार्यालयातल्यासारखे रकाने. नाव. मूळ गाव. बाप. भावकी. सध्याची ड्यूटी. सगळ्यात खाली शेरा. शब्द आत घ्यायचा तर कागदपत्रं पुरी पाहिजेत. अर्धवट माहितीचा शब्द ते 'वेटिंग'वर ठेवत. ज्या शब्दाचं मूळ कोशालाही माहीत नसे, त्याच्या पानावर लिहीत, 'बेवारस. सहानुभूतीनं वागवावे.'

हा नाद त्यांना लागला तो एका शिक्षेपायी. ती हकीगत त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी तितक्याच रागाने. नवीन भरती झालेले होते. इंग्रजीतले चार-पाच शब्द कळत. एके सकाळी मेजरसाहेब सामानाची तपासणी करायला आले. यांच्या पेटीत मोजे, साबण, आईनं दिलेला लाडवांचा डबा, सगळं एकात एक झालेलं. साहेब म्हणाले, "व्हॉट अ मेस."

"मला मेस म्हंजे जेवनघर एवढंच ठावं," सुभेदार सांगत. "मला वाटलं, साहेब म्हनत्यात पेटी मेसमधी न्हे. मी सॅल्यूट मारला, पेटी डोक्यावर घेतली अन् मेसमधी जाऊन सावधान हुबा ऱ्हायलो. दोन तास. आचारी म्हनला, काय रं गड्या, जेवाय आलायस का ऱ्हायला? मला शोधाय मानसं सुटली. सापडल्यावर आठवडाभर पेटी डोक्यावर घिऊन मैदानाला चकरा."

'मेस'चं मूळ मी शोधून दिलं तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. आतून ताटावर 'पाठवलेलं' अन्न, हा पहिला अर्थ. मग एका ताटाभोवती जेवायला बसणारी माणसं. तिकडे दुसऱ्या वाटेने जनावरांपुढे कालवून ठेवलेलं आंबोण, आणि कालवलेलं म्हणून गोंधळ.

"म्हंजे मेजरसाबबी बरोबर," सुभेदार सावकाश म्हणाले, "अन् मीबी बरोबर."

"दोघंही बरोबर."

"मग मला सजा कशापायी?"

त्याच रात्री त्यांनी मेजरसाहेबांना पत्र लिहिलं. साहेब हयात आहेत की नाहीत ते ठाऊक नव्हतं, पत्ताही नव्हता. पत्र 'मेस'च्या पानाला टाचणीने लावून ठेवलं. शेऱ्यात लिहिलं, 'केस निकाली. जवान निर्दोष.'

मी पुढे सांगितलं की मेसेज, मिशन आणि मिसाईल हीदेखील याच घरातली. सगळ्यांच्या मुळाशी 'पाठवणं' आहे. ते हसले. त्यांचं हसू आवाज न करता खांद्यांतून येई. "डबा, निरोप अन् बाँब एकाच उंबऱ्यातनं निघालं. आसतंय. आमच्या भावकीतबी आसंच हाय."

भावकी हा त्यांचा आवडता विषय. दोन शब्द दिसायला एक असले तरी ते लगेच नातं मानायला तयार नसत. "नावाला नाव लागलं म्हंजे भावकी होत न्हाई," हे त्यांचं वाक्य सगळ्या कॉलनीला पाठ झालं होतं. एकदा त्यांनी टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला विजेच्या खांबाजवळ अडवलं.

"हा खांब पोस्ट. तुमी पोस्ट. मी बर्फात दोन हिवाळं सांभाळली तीबी पोस्ट. आता सांगा, आपल्या तिघांत भाऊ कोन?"

"मला अजून निम्मं गाव फिरायचंय, आबा."

"तुमी अन् मी भाऊ. दोघंबी 'ठेवलेल्या जागे'चं. खांब आपल्यातला न्हाई. त्यो निराळ्या गावचा हाय, नुसतं नाव सारखं."

"मग भावाला पाणी द्या की," पोस्टमन म्हणाला. त्या दिवसापासून तो आमच्या गल्लीतलं पाणी सुभेदारांकडेच पीत असे.

बँकेत त्यांनी याहून मोठा प्रकार केला. तिथे म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागे. यांनी व्यवस्थापकांच्या टेबलासमोर जाऊन सांगितलं, की बँक हा शब्द बाकड्यावरून आलेला आहे. पूर्वी सराफ बाकडं टाकून बसत. "तुमचा पूर्वज बाकडं हाय, साहेब. बँकेत बाकडं न्हाई, म्हंजे देवळात देव न्हाई." व्यवस्थापक नवे होते, लातूरकडचे. त्यांना हा टोमणा आहे की तक्रार आहे की आशीर्वाद, हे उमगलं नसावं. पुढच्या आठवड्यात खिडकीजवळ लोखंडी बाकडं आलं. ते अजून आहे. मी तिथे जातो तेव्हा त्यावर बसत नाही. कारण सांगता येणार नाही.

मालनवहिनी, म्हणजे सुभेदारांची पत्नी, होत्या तोवर या नादाला घरात लगाम होता. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. मी गेलो की म्हणायच्या, "या सर. ह्यांला घरच्या लग्नात चुलतसासू वळखू आली न्हाई. पन इंग्रजांची भावकी तोंडपाठ."

एकदा मी 'लीव्ह' घेऊन गेलो होतो. रजा या अर्थाचा लीव्ह आणि निघून जाणं या अर्थाचा लीव्ह दिसायला सारखे, पण निराळ्या घरचे. रजेचा लीव्ह म्हणजे परवानगी, आणि तो 'लव्ह'च्या नात्यातला. सुभेदार उठून उभेच राहिले. "तीस वर्सं फौजेत लीव्ह मागितली, सर. कुनी सांगितलं न्हाई आत लव्ह हाय." मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन त्यांनी ते वहिनींना सांगितलं, मोठ्या आवाजात, बातमी द्यावी तसं.

आतून भाकरी थापल्याचा आवाज थांबला नाही. "रजेच्या अर्जात ल्हिवलं म्हना की," वहिनी म्हणाल्या. "पत्रात कवा ल्हिवलं न्हाई."

सुभेदार बाहेर येऊन बसले. वही उघडली, पण त्या दिवशी पान भरलं नाही.

वहिनी भाद्रपदात गेल्या. फार दिवस अंथरुणावर नव्हत्या. मुलगा विजय पुण्याला एका कंपनीत. त्याने चल म्हटलं, सुभेदार गेले नाहीत. "तिथं पोरगा कंपनीत, सूनबाई कंपनीत. मी काय फ्लॅटवर गार्ड ड्यूटी करू?" ते स्वतः भाकरी थापायला शिकले. कडा फाटायच्या, मधे जाड राहायची. "आजून रंगरूट हाय," ते म्हणत. "सहा म्हैन्यांत पक्की होईल." सहा महिन्यांनी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भाकरी पक्की झाली, पन खानारा एकच. रंगरूट बरी हुती, बिघडली म्हनून दोन तरी कराव्या लागायच्या."

मला दोन्ही वेळा मेसचा डबा येतो. मी तो टेबलावर पुस्तक टेकवून, वाचत वाचत खातो. लहानपणापासूनची सवय. जेवताना कोणी बोललं की मला ओळ सापडत नाही, आणि ओळ सापडली नाही की घास उतरत नाही. सुभेदारांना ही सवय माहीत होती. तरी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, ते कुंपणावरून हाक देत.

"आवं सर, डबा घिऊन हिकडंच या की. कंपनी द्या."

"आज जरा वाचतोय. उद्या येतो."

"तुमचा उद्या कुठल्या गावचा, सर? लय वर्सं रजेवर दिसतोय."

मी हसायचो. ते पण हसायचे. मला वाटे, विनोद झाला म्हणजे विषय संपला. दोन वर्षं असं चाललं. आता मोजायला बसलो तर एकदाही गेलो नाही असं निघतं. चहाला गेलो, शब्द घेऊन गेलो, कोश बगलेत मारून गेलो. डबा घेऊन गेलो नाही.

विजयने त्यांना मोबाईल घेऊन दिला होता. त्यावरून ते मला रोज सकाळी सातला मेसेज पाठवत. एकच शब्द, इंग्रजीत, आणि पुढे प्रश्नचिन्ह. फौजेत संदेश थोडक्यात द्यायचा असतो म्हणून मागे-पुढे काही नाही. मी दुपारपर्यंत उत्तर देत असे. निवृत्त शिक्षकाला रोज कोणीतरी प्रश्न विचारणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. मला वाटे, मीच त्यांच्यावर उपकार करतोय.

पितृपंधरवड्याच्या सुरुवातीला ते माझ्या दारात आले होते. "सर, नवमीला तिचा म्हाळ हाय. अविधवा नवमी. मी मागं हाय न्हवं, म्हनून नवमी. सवाशीन सकाळी जेवून जाईल. पन त्या दिवशी घरच्यानं एकट्यानं पानावर बसायचं नसतंय. पोरगं येतंय म्हना. न्हाईतर तुमी हाय."

"हो, हो," मी म्हणालो. माझं बोट पुस्तकाच्या पानात होतं. ते मी बाहेर काढलं नव्हतं, हे आठवतं. नवमी कोणत्या वारी येते, ते मी पाहिलं नाही.

नंतर एका दिवशी सकाळी सातला मेसेज आला नाही. अकराला आला. एकच शब्द. 'कंपनी?'

ज्या माणसाची वेळ तीस वर्षांच्या नोकरीत चार मिनिटांनी चुकली नसेल, त्याची चार तासांनी चुकली. याचा अर्थ मी विचारायला हवा होता. पण मला शब्द दिसला. आणि शब्द इतका सुंदर निघाला की मी बाकी सगळं विसरलो. मी लिहिलं, की हा लॅटिन आहे. पहिला अर्धा भाग म्हणजे 'सोबत', दुसरा म्हणजे 'भाकरी'. सोबत बसून भाकरी खाणारे ते कंपनी. पुढे तो सैन्यातल्या तुकडीला लागला, कारण तुकडी एकत्र जेवते. आणि फार पुढे कारखान्याला लागला, जिथे आता प्रत्येक जण आपापला डबा खातो. कंपॅनियन हा सख्खा भाऊ. इतकं नेटकं उत्तर मी त्यांना पूर्वी कधी पाठवलं नव्हतं. दोनदा वाचून पाहिलं, एक शब्द बदलला आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं. 'ओके सर. लय भारी अर्थ हाय.'

मला बरं वाटलं. मग डबा उघडला आणि पुस्तक टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सातला नेहमीसारखा शब्द आला. सुभेदार भेटले, शब्द विचारत राहिले. नवमीचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, कारण मला आठवणच नव्हती. फरक पडला तो इतकाच, की कुंपणावरून जेवायला हाक येणं बंद झालं. मला वाटलं, आता ते रुळले.

थंडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. विजय येऊन त्यांना साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गाडीत बसताना ते म्हणाले, "सर, 'पेशंट'चा कागद काढून ठेवा. मानूस कवापासनं पेशंट झाला बघाय पायजे." मी काढून ठेवला. पेशंट म्हणजे सोसणारा. सहन करणं आणि आजारी असणं एकाच घरचे. मेसेज पाठवला. तो त्यांनी पाहिला की नाही, ते मला मोबाईलवर कळतं असं पोरं सांगतात. मी तपासलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर विजय घर बंद करायला आला. दुपारी वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. सात वह्या होत्या, सुतळीने बांधलेल्या.

"आबांनी सांगितलं हुतं, सरांना द्या म्हणून. मला यातलं काय कळत नाही सर. आमच्या दोघांत बोलायचा विषय कमीच. फोनवर मला शब्द विचारायचे. मी म्हणायचो, आबा, मीटिंगमध्ये आहे. तर म्हणायचे, मीटिंग कुठल्या गावची."

तो बोलत असताना मी सर्वांत वरची वही उघडली. शेवटून बरीच पानं मागे गेलो. मी काय शोधत होतो ते मला खरोखर माहीत नव्हतं. शिक्षकाला आपलं उत्तर विद्यार्थ्याने कसं उतरवून घेतलंय ते पाहायचा मोह असतो, तितकंच.

नाव : कंपनी. मूळ गाव : लॅटिन. बाप : भाकरी. भावकी : कंपॅनियन, सख्खा. सध्याची ड्यूटी : १) फौजेत तुकडी. २) पुण्यात पोराची नोकरी.

तिसरा आकडा घातलेला होता, त्याच्यापुढे काही नव्हतं. खाली शेरा होता, त्यांच्या ताठ अक्षरात.

'अविधवा नवमी. पोराला कंपनीने लीव्ह दिली नाही. सरांना कंपनी मागितली. दोन पानं वाढून ठेवली. सरांनी अर्थ पाठवला. अर्थ बरोबर हाय.'

मी ते पुन्हा वाचलं. मेसेज म्हणजे पाठवलेलं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी पाठवलं. तीन घरं चालून गेलो नाही. त्या शेऱ्यात राग कुठे सापडतो का, ते मी बघत होतो. मेजरसाहेबांवर ते आयुष्यभर रागावले होते. माझ्यावर एक ओळसुद्धा नाही. उलट मला पास केलेलं.

"काय झालं सर?" विजयने विचारलं.

"काही नाही."

बाहेर डबेवाल्याने घंटी वाजवली आणि डबा ओट्यावर ठेवून गेला. विजय घड्याळाकडे बघून उठला. त्याची पुण्याची गाडी दोनची होती. अजून अवकाश होता, पण एकट्या माणसाच्या घरी जेवणाच्या वेळेला थांबू नये, एवढी रीत त्याला होती. त्याला थांबवायला मला काहीतरी म्हणायचं होतं. जेवून जा, एवढं साधं वाक्य. ते मी कित्येक वर्षांत कोणाला म्हटलेलं नव्हतं, आणि आता तोंडात येईना. शेवटी एकच शब्द आला, तोही अर्धवट.

"कंपनी..."

"चांगली आहे सर," विजय म्हणाला. "मॅनेजर बदलला. आता लीव्ह पण देतात."

मी या खेपेला अर्थ सांगत बसलो नाही. टेबलावरचं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं, आणि दुसरं ताट धुवायला घेतलं.